जड ओंडका तरंगतो, हलका खिळा बुडतो

[दृश्य: काचेची टाकी. खिळा हातातून सुटतो आणि थेट तळाशी जातो.]

जेमतेम पाच ग्रॅमचा खिळा. पाण्यात पडला की तळ गाठतो. आणि टनभर वजनाचा ओंडका मात्र पाण्यावर निवांत डोलत राहतो. जड ते बुडणार हा आपला हिशेब इथेच फसतो. नुसत्या वजनावर काही ठरत नाही, त्या वजनाने जागा किती व्यापली तेही बघावं लागतं. हीच घनता. एक घनमीटर गोडं पाणी 1000 किलो भरतं, तेवढंच लोखंड सुमारे 7870 किलो आणि बर्फ 917.

पाण्यात खोल जावं तसा दाब वाढतो. त्यामुळे बुडलेल्या वस्तूला खालून बसणारा रेटा वरच्यापेक्षा जास्त असतो. हा जादाचा रेटा म्हणजे प्लावक बल, आणि ते नेमकं बाजूला सरलेल्या पाण्याच्या वजनाएवढं असतं. आर्किमिडीजने हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मांडलं. ‘युरेका’ म्हणत धावत सुटल्याची गोष्ट रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसची, तीही दोनेकशे वर्षांनंतरची. ती राहू द्या, तत्त्व पक्कं आहे.

मग पोलादी जहाज? ते पोकळ असतं. पोलाद, माल आणि आतली हवा धरून सरासरी घनता पाण्याहून कमी भरते. भगदाड पडलं, हवेच्या जागी पाणी शिरलं, की ही सरासरी चढू लागते.

[दृश्य: मालवाहू जहाजाची बाजू. रंगवलेला गोल, मधून आडवी रेघ.]

ही खूण नीट बघा. जहाजात माल किती भरायचा याची ती मर्यादा दाखवते. गोलाशेजारी शिडीच्या पायऱ्यांसारख्या छोट्या रेघा आहेत. सगळ्यांत वर ‘टीएफ’, म्हणजे उष्ण कटिबंधातलं गोडं पाणी. त्याखाली ‘एफ’, साधं गोडं पाणी. मग समुद्राच्या रेघा: ‘टी’ उष्ण कटिबंधाची, ‘एस’ उन्हाळ्याची, ‘डब्ल्यू’ हिवाळ्याची. लागू असलेली रेघ पाण्याखाली गेली, तर माल जास्त झाला.

हिवाळ्याची रेघ खाली आहे ती वादळांच्या धास्तीने. गोड्या पाण्याची रेघ वर आहे, ती मात्र निव्वळ घनतेमुळे. समुद्राचं पाणी घनमीटरला साधारण 1025 किलो भरतं. त्यामुळे तेच जहाज, तोच माल, नदीत थोडं खोल बसतं आणि समुद्रात शिरलं की आपोआप वर येतं.

ब्रिटनमध्ये ही खूण 1876 मध्ये सक्तीची झाली. खासदार सॅम्युअल प्लिमसोल यांनी ते लावून धरलं होतं. विमा उतरवायचा आणि जहाज ठासून भरायचं, असे मालक तेव्हा होते. अशा जहाजांना लोक शवपेट्याच म्हणत. पण कायद्यातली गंमत बघा: रेघ काढायची, पण कुठे काढायची ते मालकानेच ठरवायचं! ती जागा कायद्याने बांधून द्यायला 1890 उजाडलं.

[दृश्य: पाण्याखालून सरकणारी पाणबुडी.]

जहाज जरा खोल बसलं तरी चालतं, कारण त्याचा बराच भाग पाण्याबाहेर असतो. बुडी मारलेल्या पाणबुडीला ती सोय नाही. तिची सरासरी घनता भोवतालच्या पाण्याशी जुळवून ठेवावी लागते. समुद्रात तोल साधलेली 1000 टनांची पाणबुडी पूर्ण गोड्या पाण्यात गेली, तर तिला सुमारे 24 टनांचा आधार कमी पडेल. म्हणून नदीच्या मुखाशी पाणी गोडं होऊ लागलं, की वजन जुळवण्यासाठी पाणबुडीच्या टाक्यांत भरलेलं पाणी पंपाने बाहेर टाकत राहावं लागतं.