मुका प्रिंटर आणि नेमका प्रश्न

[दृश्य : निपाणी, सोमवारची सकाळ. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर वर जातं. बाहेर तीन-चार गिऱ्हाइकं, हातात आधार कार्डं आणि जमिनीचे उतारे.]

निवेदन :

रात्री लाईट गेली होती, पहाटे आली. संगणक नीट सुरू झाला. प्रिंटरचा दिवा लागलाय, ट्रेमध्ये कागद आहे. पण प्रिंट दिली की काम रांगेत जाऊन बसतं आणि प्रिंटर हूं की चूं करत नाही.

दुकानातला संगणक जुना. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती या मशीनमध्ये नाही. म्हणून इथं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी संगणकप्रणाली आली. मालक मोबाइल काढतात आणि लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर टाकतात : "प्रिंटर चालेना झालाय की हो. अर्जंट. कोणतरी फोन करा."

दुपार होते, उत्तर येत नाही.

ग्रुपमधली माणसं काही तुसडी नाहीत. कोणी उद्यमबागेत मशीनवर उभा आहे, कोणी कॉलेजात तास घेतोय, कुणाची परीक्षा आहे. मदतीचा पगार कुणालाच मिळत नाही. आणि त्या संदेशात हात घालायला जागाच नाही. प्रिंटर कुठला, लिनक्स कुठलं, काल काय वेगळं केलं? उत्तर देणाऱ्याला आधी चार प्रश्न विचारावे लागतील, प्रत्येक उत्तराची तासभर वाट बघावी लागेल. तो मुकाट्यानं पुढचा संदेश उघडतो. "अर्जंट" या शब्दानं यात काहीच फरक पडत नाही, उलट लोक जरा लांबच राहतात.

[दृश्य : टर्मिनलची काळी खिडकी. एकेक आदेश पडद्यावर उमटतो.]

आता हाच प्रश्न पुन्हा बांधू.

आधी लिनक्सची आवृत्ती. "लेटेस्ट आहे" हे उत्तर नव्हे. मिंट २२ असेल तर तसं लिहायचं, कारण त्याच्या तळाशी उबुंटू २४.०४ (तेही एक लिनक्सच) आहे आणि उबुंटूची उत्तरं इथं चालतात. मिंट २१ असेल तर तळाशी २२.०४.

मग यंत्र. 'एलएसयूएसबी' हा आदेश दिला की यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी येते. त्यात '०३एफ०:२बी१७' असा क्रमांक दिसतो. पहिला भाग कंपनीचा, एचपीचा. दुसरा भाग मॉडेलचा, लेझरजेट १०२०. ही एक ओळ प्रश्नात टाकली की जाणकाराला कळतं, वायर ठीक आहे आणि संगणकाला प्रिंटर दिसतोय. "वायर काढून घाला" हा सल्ला तिथंच वगळला जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते : आधी चालत होतं, मग मध्ये काय बदललं? बहुतेक जण म्हणतात, "काहीच नाही." यंत्र मात्र विसरत नाही. 'व्हार-लॉग-एपीटी' या फोल्डरात 'हिस्टरी डॉट लॉग' नावाची फाइल असते. कधी कोणतं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, बसलं, कोणतं बदललं, तारीख-वेळेसकट त्यात असतं. इथं दिसतं, की शनिवारी रात्री मिंट २१ वरून २२वर अपग्रेड झालं. 'एचपीलिप' हे एचपीचं पॅकेज ३.२१.१२ होतं, ते ३.२३.१२ झालं. रविवारी दुकान बंद. मालकांच्या डोक्यात मात्र फक्त लाईट आहे.

त्रुटीचा मजकूर जसाच्या तसा द्यायचा. मॉनिटरचा मोबाइलनं काढलेला तिरका फोटो नको. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि झेरॉक्सच्या दुकानात तर मागच्या खिडकीत कुणाचं तरी आधार कार्ड उघडं असतं. मजकूर फाइलमध्ये घ्यायचा तर आदेशापुढं '>' आणि फाइलचं नाव. इथं हमखास फसगत होते. नुसत्या '>'नं त्रुटी फाइलमध्ये जात नाहीत, त्या वेगळ्या वाटेनं पडद्यावरच येतात. फाइल रिकामी निघते आणि लोक म्हणतात, "एरर आलीच नाही." म्हणून शेवटी '२>&१' जोडायचं.

प्रिंटची सविस्तर नोंद मागितली तर 'कप्सकंट्रोल' या आदेशानं डीबग लॉगिंग (बारीकसारीक नोंद) चालू करायला सांगतात. ती नोंद पाठवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घाला. ग्राहकाच्या फाइलचं नाव त्यात येतं. संगणकाची सगळी माहिती हवी असेल तर 'आयएनएक्सआय' या आदेशाला मोठा एफ, एक्स आणि झेड हे पर्याय द्या. त्यातला झेड सीरियल नंबर आणि नेटवर्कचे पत्ते झाकतो.

[दृश्य : बेळगाव, खडेबाजार. मराठी आणि कन्नड पाट्या शेजारी शेजारी.]

या भागात एक जास्तीची अडचण आहे. ग्रुपवर मराठी बोलणारे असतात, कन्नड बोलणारे असतात, खानापूरचा माणूस एका वाक्यात दोन्ही घालतो. प्रश्न कुठल्याही भाषेत विचारा, समजून घेणारा भेटतो. त्रुटी मात्र इंग्रजीतच द्या. यंत्रणेची भाषा मराठी किंवा कन्नड ठेवली असेल तर काही संदेश अनुवादित होऊन येतात, आणि त्या मजकुरावर शोध घेतला तर हाती काही लागत नाही. आदेशाच्या आधी 'एलसी_ऑल=सी' लिहिलं की तेवढ्या आदेशापुरता संदेश इंग्रजीत येतो. बाकी सगळं आहे तसंच राहतं.

दुसरी खोड अशी, की माणूस आपली अडचण सांगत नाही, स्वतःच ठरवलेला उपाय विचारतो. "मराठीचा चांगला फाँट कुठला घालू?" चार जण चार फाँट सुचवतात. तीन दिवसांनी कळतं, की लग्नपत्रिकेत 'दऱ्या' लिहायचं होतं आणि 'दर्या' उमटत होतं. (पत्रिकेत दऱ्या कशाला, हा प्रश्न ग्रुपनं विचारला नाही.) फाँटचा दोष नव्हताच. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत नुसता 'जे' दाबला की 'र' येतो, शिफ्ट धरून दाबला की 'ऱ'. मग 'डी'नं हलन्त, मग स्लॅशनं 'य'. पहिल्याच दिवशी "मला हे लिहायचंय, हे उमटतंय" असं सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

[दृश्य : पुन्हा निपाणीचं दुकान. मालक टाइप करत आहेत.]

नवा संदेश असा आहे : "मिंट २२. एचपी लेझरजेट १०२०, यूएसबीवर दिसतोय. शनिवारी २१ वरून अपग्रेड केलं, काल रात्री लाईट गेली. काम रांगेत राहतं, कागद ओढत नाही. प्रिंटर बंद-चालू करून पाहिला. नोंद सोबत जोडली आहे." सहा वाक्यं.

उत्तर लगेच येतं, कारण दुखणं ओळखीचं आहे. या प्रिंटरला स्वतःचं फर्मवेअर (त्याला आतून चालवणारा प्रोग्राम) कायमचं साठवता येत नाही. वीज गेली की ते पुसलं जातं, आणि प्रिंटर चालू झाल्यावर संगणकानं ते पुन्हा भरावं लागतं. ते भरायला एचपीचं वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लागतं, आणि प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. अपग्रेडनं एक पुढं गेलं, दुसरं मागं राहिलं. म्हणजे लाईटवरचा संशय निम्मा खरा होता.

उपाय : इंटरनेट चालू ठेवून 'एचपी-प्लगइन' हा आदेश 'डॅश आय' लावून द्यायचा. त्याच्या आधी 'सुडो' (आदेश सर्वाधिकारानं चालवणारा शब्द) लावायचं नाही, पासवर्ड तो आदेश स्वतः मागतो. परवाना मान्य करायचा. मग प्रिंटर बंद करून दहा सेकंदांनी चालू.

इथं एक सावधगिरी. लाईट अपडेट चालू असतानाच गेली असती तर पुढच्या वेळी 'डीपीकेजी मध्येच थांबलं' अशी त्रुटी येते (डीपीकेजी म्हणजे पॅकेजं बसवणारा प्रोग्राम). त्यावर 'सुडो डीपीकेजी', पुढं दोन डॅश लावून 'कॉन्फिगर', मग 'डॅश ए'. एवढ्यानं बहुतेक वेळा मार्गी लागतं. पण 'लॉक-फ्रंटएंड मिळत नाही' असं म्हणत असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा. पाठीमागं आपोआप होणारं अपडेट चालू असतं. ती लॉकची फाइल उडवा असं सांगणारे भेटतात. दोन अपडेट एकाच वेळी घुसली तर पॅकेजांचा डेटाबेस बिघडतो आणि पाच मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं.

अनोळखी आदेश आला तर तो काय करतो ते विचारायला संकोच करू नका. चांगला जाणकार रागावत नाही. 'आरएम'बरोबर 'आरएफ' दिसलं (ते न विचारता फाइली पुसतं), किंवा इंटरनेटवरची स्क्रिप्ट थेट 'सुडो'कडे ढकलायला सांगितलं, तर दुसऱ्या कुणी होकार देईपर्यंत हात आवरा. आणि पडदा दूरवरून हाताळायला अनोळखी माणसाला देऊ नका, मग तो कितीही "अण्णा, दोन मिनिटांत करतो" म्हणो.

उत्तरं तुटक असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. "लॉग?" एवढाच शब्द आला तर माणूस कामाला लागलाय. एक दिवस थांबून नव्या माहितीसह आठवण करायला हरकत नाही. एकच प्रश्न पाच ग्रुपवर एकदम टाकला की पाच ठिकाणी पाच जण तेच काम करतात, आणि एकदा कळलं की पुढच्या वेळी कुणी हात लावत नाही. परस्पर खासगीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर दुरुस्त करायलाही कुणी नसतं.

लिनस टॉरवाल्ड्सनं २५ ऑगस्ट १९९१ला लिनक्सची पहिली खबर दिली, तीही लोकांचं मत विचारतच. त्या छोट्या संदेशात ३८६चं मशीन होतं, बॅश १.०८ होतं, जीसीसी १.४० होतं. आवृत्त्यांचे आकडे तेव्हापासूनचे आहेत.

[दृश्य : प्रिंटर कुरकुरतो. पहिला उतारा बाहेर येतो.]

मालक ग्रुपवर लिहितात : "सुटलं. प्लगइन ३.२१.१२ राहिलं होतं, ३.२३.१२ घातलं, प्रिंटर बंद-चालू केला." जुना संदेश ते पुसत नाहीत. चिकोडीत किंवा संकेश्वरात हाच प्रिंटर अडकला तर शोधणाऱ्याला प्रश्न आणि उत्तर दोन्ही मिळायला हवीत.

[दृश्य : प्रिंटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये.]

"अपग्रेडनंतर एचपी-प्लगइन पुन्हा घालणे. सुडो नको."