दोन जेवणांच्या मधे

(दृश्य : रत्नागिरी, मिरकरवाडा जेटी. पहाट. ट्रॉलरवरून मासळीचे टब उतरतायत.)

बोट लागली की आधी मासळी उतरते, मग बर्फ चढतो, आणि अधूनमधून चहा येत राहतो. टब उतरवताना एक, लिलाव चालू असताना दुसरा, जाळी आवरताना तिसरा. घट्ट, गोड, सोबत ग्लुकोज बिस्किट. उन्हं चढली की कोल्ड्रिंक. ती बाटलीही एका दमात संपत नाही, कामाच्या नादात तासभर घोट घोट चालते. पोरं विशी-बाविशीची. दाढ ठणकली की लवंग दाबायची आणि पुढचा टब उचलायचा.

विचारलंत तर म्हणतील, ‘गोड कुठे खातो आम्ही?’

(दृश्य : दाढेची खाच, अगदी जवळून.)

खाचेत चिकटलेल्या थरात जीवाणू असतात. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा त्यातला नामचीन. साखर मिळाली की काही मिनिटांत तो आम्ल तयार करतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. तो साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कवचातलं, म्हणजे एनॅमलमधलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लाळ हे आम्ल निवळवते, गेलेली खनिजं थोडीफार परत बसवते. पण तिला अर्धा-पाऊण तास हवा. तेवढ्यात पुढचा कप आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून साखर किती, याइतकंच ती किती वेळा, हेही विचारायला हवं.

स्वीडनच्या व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ ते १९५३ या काळात हे पाहिलं गेलं. साखर जेवणाबरोबर दिली, तेव्हा दात फारसे जास्त किडले नाहीत. दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी दिली, तेव्हा झपाट्याने किडले. हे प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर केले होते. आज तसं कोणी करू देणार नाही, देऊही नये.

(दृश्य : मालवणी जत्रा. खाजाचे ढीग.)

आता खाजं. बेसनाच्या काड्या, वर गुळाचा पाक, आल्याचा झटका. जत्रेत दोन मुठी खाल्लं म्हणून आभाळ कोसळत नाही. घरी आणलेली पिशवी आठवडाभर येता-जाता उघडली जाते, तिथे गडबड होते. पाक दाढेच्या खाचेत जाऊन बसतो, जीभ फिरवून निघत नाही. फणसपोळीची तीच गत.

हापूसवर मात्र आळ घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा घालून दिली : दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम, जमलं तर २५. कापून खाल्लेल्या फळातली साखर त्यात मोजत नाहीत. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीलीटरच्या बाटलीतली मोजतात, आणि ती एकटीच ३० ग्रॅमच्या आसपास भरते.

कोकम सरबत दोन्हीकडून मारतं, साखर आहे आणि आंबटही आहे. प्यायचं तर जेवताना, आणि लगेच ब्रश करायचा नाही, कारण आम्लाने कवच तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं. बिनसाखरेची सोलकढी भातावर घ्या, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही.

(दृश्य : रात्र. ओटीवर मोबाइल बघत बसलेली पोरं, हातात बिस्किटांचा पुडा.)

झोपेत लाळ कमी होते. त्यामुळे रात्रीचं शेवटचं बिस्किट सगळ्यात महागात पडतं. फ्लोराइड म्हणजे कवचाला बळकटी देणारं खनिज. त्याच्या पेस्टने ब्रश केल्यावर त्यावर काही खाऊ नये. मिश्री लावणारी घरं अजून आहेत. मिश्रीत तंबाखू असते, फ्लोराइड नव्हे.

पहिली खूण म्हणजे खडूसारखा पांढरा डाग. तिथवर फ्लोराइडने कीड थांबवता येते. खड्डा पडला की फिलिंग, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली की रूट कॅनल. दोन दाढांच्या फटीतली कीड आरशात दिसत नाही, एक्स-रे लागतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात. तपासून घ्यायला तेव्हा सवड मिळते, दाढ दुखत नसली तरी.