दोन साक्षीदार

नमस्कार मंडळी.

लिस्बनमध्ये घरमालकानं पहिल्या दिवशी माझ्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाला, 'शाव्ह'. अरे, ही तर आपली चावी! मग बाजारात बटाटा भेटला, 'कोव्ह' नावानं कोबी भेटला, पाव तर कोपऱ्याकोपऱ्यावर. पोर्तुगीजांनी कोकणकिनाऱ्यावर ठेवून दिलेले शब्द मी रत्नागिरीकर परत घेऊन आले होते. या खुशीत आठवडा गेला. मग कागद सुरू झाले.

आधी गेले का, ते सांगते. बॉस्टनच्या एका कंपनीचं काम मी पुण्यात घरी बसून करायचे. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. रात्री दोन-तीनला लॅपटॉप मिटायचा आणि दूधवाल्याच्या बेलनं झोपमोड. लिस्बनला तेच काम दुपारी दोनला सुरू होतं. रात्र आपली राहते. मला एवढंच हवं होतं. समुद्र, ऊन, डिजिटल नोमॅड म्हणजे लॅपटॉपवाले भटके वगैरे नंतरचं.

बाहेरच्या कंपनीचं काम पोर्तुगालात बसून करणाऱ्यांसाठी तिथं ऑक्टोबर 2022 पासून वेगळा व्हिसा आहे. अट मिळकतीची: तिथल्या किमान वेतनाच्या चौपट. 2025 मध्ये किमान वेतन महिना 870 युरो होतं, म्हणजे 3,480 युरो दाखवायचे. शिवाय 'निफ', हा नऊ आकडी कर क्रमांक. बँक, भाडेकरार, जिथं जाल तिथं आधी निफ विचारतात. वर्षात 183 दिवसांहून जास्त राहिलात की कर तिथं. आणि भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यायचं, हे लोक हमखास विसरतात. मीही विसरले होते.

पण खरी अडचण पैशाची नव्हती. नोकरीसाठी परगावी गेलेल्या माणसाला ऑफिस असतं. कागद कुठले लागतात ते ऑफिस सांगतं, डबा कुठं मिळतो ते शेजारच्या टेबलावरचा सांगतो. माझं ऑफिस मांडीवर. त्याला लिस्बनमधली एक गल्लीसुद्धा माहीत नव्हती. मार्चमध्ये अमेरिकेचं घड्याळ युरोपच्या आधी पुढं सरकतं, हेही त्यानं सांगितलं नाही. सोमवारच्या मीटिंगला मी ऐटीत तासभर उशिरा पोचले.

जानेवारीत आजारी पडले. जुन्या घरांत हीटर नसतो, भिंती ओल धरतात. माझ्या कोल्हापुरी चपलांवर कोकणातल्या श्रावणासारखी बुरशी आली होती. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवायला गेले, तर म्हणाले, रहिवासी दाखला आणा. तो देते 'जुंता', म्हणजे शहराच्या त्या भागाची ग्रामपंचायतच म्हणा. लिस्बनमध्ये अशा 24 आहेत. वीजबिल घरमालकाच्या नावावर. खिडकीवरची मुलगी म्हणाली, मग या भागातले दोन मतदार आणा, तुम्ही इथं राहता असं सांगणारे.

दोन माणसं! पाच महिने झाले होते आणि मला ओळखणारी सगळी माणसं स्क्रीनवर होती.

मी रोज सकाळी ज्या पास्तेलारियात, म्हणजे बेकरीवजा हॉटेलात, 'बिका' घ्यायचे, तिथल्या बाईंना विचारलं. बिका म्हणजे तिथली कडक काळी कॉफी, दोन घोटांची. बाई हसल्या. त्या राहायच्या नदीपल्याड, रोज बोटीनं यायच्या. त्यांचं मत इथं चालणार नव्हतं. त्यांनी काउंटरवरूनच हाक मारली, आणि कोपऱ्यात फुटबॉलचा पेपर वाचणारे आजोबा उठून आले. पाच महिने आम्ही फक्त माना डोलवल्या होत्या.

दुसऱ्या साक्षीदार म्हणजे माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी. तिथं खिडकीबाहेर कप्पीवरच्या दोरीला कपडे वाळत घालतात. माझी ओढणी एकदा वाऱ्यानं त्यांच्या दोरीवर पडली होती. त्यांनी घडी घालून वर आणून दिली आणि विचारलं, "इंडिया? गोवा?" मी म्हटलं, शेजारचीच. आमची एवढीच ओळख.

जुंतात जायच्या दिवशी आजी कोट घालून, मोत्यांची माळ घालून जिन्यात उभ्या. मला तर बारशाला निघाल्यासारखं वाटलं. खिडकीवरच्या मुलीनं त्यांना विचारलं, "यांना कितपत ओळखता?"

आजींनी जे उत्तर दिलं ते मला अर्धंच कळलं, आजोबांनी सावकाश पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "हिचे कपडे रोज माझ्या डोक्यावर ठिबकतात. आणखी कसं ओळखायचं?"

मुलीनं शिक्का मारला.