तीन पावलं आणि एक लाल कार्ड

(कोल्हापुरात क्रीडाशिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, कोल्हापुरात कुस्तीवर बोलायचं धाडस मी करत नाही. इथं मैदानाबाहेर बसलेला प्रत्येकजण पंच असतो. हर्डल्सवर, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीवर, बोलणं त्यामानानं सुरक्षित आहे.

शाळेच्या मैदानावर एखादी पोरगी अडथळ्यावरून उंच उडाली की आपण टाळ्या वाजवतो. तिची वेळ वाया जाते ती नेमकी तिथंच! हवेत असताना वेग वाढत नाही, जमिनीला पाय लागल्यावरच पुढं रेटता येतं. म्हणून अडथळ्याला जेमतेम चुकवून निघायचं. महिलांच्या शंभर मीटरमध्ये असे दहा अडथळे, उंची ८३.८ सेंटिमीटर. पहिला १३ मीटरवर, पुढं दर साडेआठ मीटरला एक. मधल्या जागेत पावलं तीनच. चुकून धक्का लागून अडथळा पडला तरी कुणी बाद करत नाही, पण ताल गेला की पुढचा अडथळा अंगावर येतो.

आता २०२३ ची हांगझोऊ आशियाई स्पर्धा. याच शर्यतीच्या अंतिम फेरीत चीनची वू यान्नी इशाऱ्याआधीच निघाली, आणि शेजारच्या लेनमधली आपली ज्योती याराजी तिच्यामागोमाग हलली. दोघींना लाल कार्ड, म्हणजे बाद. ज्योती हटली नाही. ‘आधी कोण हललं ते बघा,’ हा तिचा मुद्दा. बराच वेळ घोळ चालला आणि शेवटी दोघींनाही धावू दिलं. ज्योती १२.९१ सेकंदांत तिसरी आली. नंतर वू बाद झाली आणि ज्योतीला रौप्य मिळालं. सोनं चीनच्याच लिन युवेईचं, १२.७४.

ज्योतीची त्याआधीची सर्वोत्तम वेळ १२.७८. म्हणजे आकडा बघितला तर ही शर्यत तिची सर्वात चांगली नव्हेच. मी मात्र तीच वरची मानतो. अंग थंड पडलेलं, डोकं तापलेलं, पदक राहणार की जाणार ठाऊक नाही. आणि अशा वेळी दहा अडथळे त्याच तीन पावलांत काढायचे! (टाळ्या)

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. एकीच्या हालचालीनं दुसरी दचकून निघाली, तर स्टार्टरनं, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या पंचानं, मूळ दोषीलाच धरावं, असं जागतिक नियमावलीतलं मार्गदर्शन सांगतं. ज्योतीचा आग्रह नेमका त्याला धरून होता. आपल्या तालुका स्पर्धांत काय होतं? दोघी हलल्या की दोघींना बाहेर काढून आपण मोकळे. पोरगी रडत मांडवात जाते आणि पालक आपल्यालाच चार शब्द सुनावतात, ते बरोबरच.

तेव्हा दोन कामं करा. मुलींना तंत्र शिकवताना नियमही शिकवा, आणि तक्रार कुणाकडे, कधी करायची हेसुद्धा. मोठ्या मुलीचं अंतर लहानीवर लादू नका. तिची तीन पावलं कुठं पडतात ते मोजा आणि अडथळे तिथं जवळ आणा. उंची नंतर वाढवता येते.