वाटणीपत्र : बाईच्या देखत झालेली मोजदाद

[दृश्य : गुंडाळलेला मोडी कागद उलगडतो]

शाई अजून काळीभोर आहे. कागद हातबनावटीचा, लेखणी बोरूची, अक्षर मोडी. एक ताव संपला की त्याच्या खाली दुसरा चिकटवायचा, मग तिसरा. अठराव्या शतकात मराठी मुलखात घरचा कर्ता गेला आणि मागे विधवा, मुलगे, मुली, जमीन आणि वतन (पिढीजात गावकाम आणि त्याचं उत्पन्न) राहिलं, की त्या घराची मोजदाद अशा कागदावर उतरायची. हे वाटणीपत्र.

मृत्युपत्राचा रिवाज तेव्हा हिंदू घरात नव्हता. "माझ्यामागे अमक्याला द्या" असं लिहून पेटीत ठेवून भागत नसे. जे द्यायचं ते डोळ्यांदेखत, गोताला, म्हणजे भाऊबंद आणि गावच्या वतनदारांना, साक्ष ठेवून. म्हणूनच या कागदांत घरातल्या बाईचा ठसा सापडतो. तिच्या हयातीत, तिच्या समोर हे सगळं होत होतं.

तिचा हक्क काय, ते याज्ञवल्क्य स्मृतीत आहे. बाप गेल्यावर मुलगे वाटून घेऊ लागले, तर आईलाही मुलाइतकाच वाटा. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका चालुक्य विक्रमादित्याच्या काळात, कल्याणीत विज्ञानेश्वराने लिहिली, आणि महाराष्ट्रात तीच प्रमाण मानली गेली. नवरा भावांपासून विभक्त असेल आणि मुलगा नसेल, तर वारसांत पहिलं नाव पत्नीचं, मग मुलींचं, मग आईबापांचं. पण अशी मिळालेली जमीन तिने मनाला येईल तशी विकायची नाही. ती वापरायची, राखायची, आणि तिच्यामागे ती नवऱ्याच्या वारसांकडे जायची.

[दृश्य : लाकडी पेटी, आत दागिने]

वाटणीची पहिली पायरी म्हणजे काय वाटायचं नाही ते बाजूला काढणं.

स्त्रीधन आधी बाजूला. माहेरून आलेलं, लग्नात मिळालेलं, नवऱ्याने प्रेमाने दिलेलं. पाटल्या, गोठ, ठुशी, पुतळ्यांची माळ, वाकी, बुगड्या, नथ. ही नथ नीट पाहा. नवरा गेल्यावर ती नाकात घालायची नाही, पण मालकी तिचीच. मुलग्यांच्या वाटणीत ती धरायची नाही. आईचं देणं फिटल्यावर उरलेलं स्त्रीधन मुलींकडे जातं, त्यातही आधी लग्न न झालेल्या मुलींकडे. जमिनीच्या कागदात ज्यांचं नाव शोधून सापडत नाही, त्या लेकींचा घरातल्या सोन्यावर असा चोख हक्क होता. दागिना नावानिशी आणि वजनानिशी, तोळे-मासे मांडून लिहिलेला असला तरच तो टिकायचा. नुसतं "बाईचे अंगावरील" लिहिलं, की पुढे सून म्हणणार तो सासऱ्याने केलेला, आणि लेक म्हणणार तो आजोळचा.

दुसरं, कर्ज. सावकाराचं देणं आधी मांडून प्रत्येकाच्या डोक्यावर वाटून टाकायचं. तिसरं, राहिलेली लग्नं. धाकट्याची मुंज, बहिणीचं लग्न यांचा खर्च सामाईक रकमेतून वेगळा काढायचा. हे विसरलं की ओझं आईच्या वाट्यावर येतं.

[दृश्य : विहीर, मोट, थारोळं]

मग जमीन. वीस पांड म्हणजे एक बिघा, एकशेवीस बिघे म्हणजे एक चाहूर. पण नुसत्या मोजणीने वाटणी होत नाही. काळी वेगळी, मुरमाड वेगळी, बागाईत वेगळी. म्हणून एकेका जातीच्या जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येकाला प्रत्येकातलं थोडं द्यायचं. शेताची हद्द चारी बाजूंनी लिहायची : पूर्वेस कोणाचं शेत, पश्चिमेस कुठला ओढा. इथेच गोची होते. ओढा पात्र बदलतो, शेजारचं शेत विकलं जातं, आणि दोन पिढ्यांनी चतुःसीमा कागदावर राहते, जमिनीवर नाही. आंब्याचं झाड किंवा ठोकलेला दगड लिहिणारा कारकून शहाणा.

विहीर कापता येत नाही. स्मृतीनेही पाणी न वाटण्याच्या वस्तूंत धरलं आहे. तिथे पाळी लावायची : इतके दिवस थोरल्याची मोट, इतके दिवस धाकट्याची.

[दृश्य : होळी, पोळ्याचे बैल, वाजंत्री]

आणि आता सर्वांत अवघड जागा. घर पाटलाचं असेल, तर जमिनीबरोबर मान येतात. टिळा-विडा, शिरपाव (मानाचं वस्त्र), होळीची पोळी, पोळ्याला बैल आधी कोणाचे, वाजंत्री आधी कोणाच्या दारात, सरकारी कागदावर नांगराची निशाणी कोणाच्या हाताने. वतनाच्या उत्पन्नाची तक्षीम, म्हणजे हिस्सेवाटणी, निमेनिम होते. पण पहिली पोळी एकच असते. म्हणून लिहितात, की थोरल्याने वडीलपणाचा मान आधी घ्यावा, मागून धाकट्याने. एवढी एक ओळ गाळली, की नातवंडं गोतसभेपुढे उभी राहतात. मग दोन्हीकडून तकरिरी (लेखी जबान्या), करीने (हकिगतीची निवेदनं), साक्षी. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार बसतात, महजर, म्हणजे सभेचा लेखी निवाडा, होतो. हरणारा येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून देतो, जिंकणारा सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, भरतो. दोन्हीकडचे भिकेला लागल्यावर निवाडा.

[दृश्य : कागदाचा शेवटचा भाग, निशाण्या]

सगळ्यांचं लिहून झालं की आईचं. शास्त्र म्हणतं बरोबरीचा वाटा. कागदात अनेकदा उतरतं ते अन्नवस्त्र : वर्षाला धान्य, लुगडी, तेल, राहायला खोली, आणि ते कोणत्या मुलाने पुरवायचं. हा उतार मोठा आहे, आणि तो मिताक्षरेच्या आधाराने नाही, मुलग्यांच्या सोयीने झाला आहे. त्यातल्या त्यात जपलेली बाई ती, जिच्यासाठी "मुलाने न दिल्यास अमुक शेत बाईने आपले हाती घ्यावे" अशी अट पडली. धान्याचा आकडा लिहिला पण न दिल्यास काय ते लिहिलं नाही, तर तो आकडा कोरडाच.

मुलगा नसलेल्या विधवेकडे आणखी एक अधिकार होता, दत्तकाचा. नवऱ्याने परवानगी दिली नसली तरी पश्चिम हिंदुस्थानात विधवा दत्तक घेऊ शकत होती. मुंबई उच्च न्यायालयाने १८६८ साली हाच रिवाज मानला. पेशवाईत वतनदाराच्या दत्तकाला सरकारची मान्यता हवी, आणि मान्यतेला नजर, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरावी लागे. दिरांना हे दत्तक नको असायचं, कारण त्यांच्याकडे येणारं वतन त्या एका मुलाने अडायचं.

आता निशाण्या बघा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या नावापुढे ज्याच्या त्याच्या कामाची खूण. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. बाईची निशाणी बांगडी.

[दृश्य : दोन तावांचा सांधा, पाठीमागची बाजू]

कागद उलटा. जिथे दोन ताव चिकटवलेत, त्या सांध्यावर मागून शिक्का आहे, अर्धा वरच्या तावावर, अर्धा खालच्या. हे सांधेमोर्तब. मधला ताव काढून दुसरा घातला, तर शिक्क्याचे अर्धे जुळत नाहीत. शेवटी 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सूद', म्हणजे इथून पुढे कोणी ओळ घुसवायची नाही. घरगुती वाटणीपत्राला असा शिक्का बहुधा नसतो. मजलिशीच्या, म्हणजे सभेच्या, आणि सरकारी कागदाला असतो, म्हणून घरची वाटणी पक्की करायला लोक महजर करून घेत.

या कागदांवर साल शुहूर सनाचं, अरबी आकड्यांच्या शब्दांत असतं. ते वाचायची रीत : 'इसन्ने खमसैन मया व अलफ' म्हणजे २, ५०, १०० आणि १०००, एकूण ११५२. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. झालं इसवी सन १७५१-५२.

पुढे इंग्रजी न्यायालयं आली. १९३७ च्या कायद्याने विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, तोही हयातीपुरता. पूर्ण मालकी १९५६ ला.

[दृश्य : पेटीतले कागद, एकेक बाहेर]

घरात अशी पेटी असेल, तर कागद उन्हात टाकू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, सांध्याचे वेगळे, आणि मोडी जाणणाऱ्याकडून तळापर्यंत वाचून घ्या. अन्नवस्त्राची ओळ तिथेच असते.