पहिल्या बोअरचा आलेख

(बोअर मारणारं यंत्र. राखाडी गाळ उसळतो.)

स्वीडन. ग्रॅनाइटमध्ये बोअर उतरते आहे, दीडशे-दोनशे मीटर. एक इमारत गरम ठेवायला खडकातली ऊब हवी आहे. पंधरा-वीस मीटरखाली ऋतू पोहोचत नाहीत. वर बर्फ असो की ऊन, तिथलं तापमान जवळजवळ हलत नाही.

(गुंडाळीवरून काळा पाइप सुटतो.)

यू आकाराच्या या पाइपातून न गोठणारं द्रावण फिरेल आणि खालची उष्णता हीट पंपापर्यंत आणेल, म्हणजे विजेवर ती उष्णता जास्त तापमानाला नेऊन इमारतीत सोडणाऱ्या यंत्रापर्यंत. पण अख्ख्या इमारतीला अशा किती लागतील? खडक तर कुणी आतून पाहिलेला नाही.

(ट्रेलरचं दार. आत हीटर, पंप, दोन तापमापक.)

खडक जोखायच्या या चाचणीची कल्पना मोगेन्सेन या संशोधकांनी 1983 मध्ये स्टॉकहोमला मांडली, आणि 1996 च्या सुमारास लुलेओच्या विद्यापीठात ती या रूपात चाकांवर आली. पहिल्या बोअरमध्ये दोन-तीन दिवस एकसारखी उष्णता सोडायची. द्रावण जाताना किती तापलेलं, येताना किती, एवढंच टिपत राहायचं.

(लॅपटॉपवर आलेख.)

उभ्या अक्षावर द्रावणाचं तापमान. आडव्या अक्षावर वेळ, पण लॉगरिदममध्ये. सुरुवातीचे काही तास सोडून द्यायचे. ते खडकाचे नसतात, बोअरचे असतात. पुढे बिंदू सरळ रेषेत लागतात. रेषेचा चढ जितका कमी, तितका खडक उष्णता सहज वाहून नेणारा. त्या एका चढातून उष्णतावाहकता मिळते. बघा, किती थोडक्यात!

(कॅटलॉगचं पान.)

आता पंप. द्रावण 0 अंशांना, गरम पाणी 35 अंशांना. समजा, इथे सीओपी 4.5 छापलाय, म्हणजे एक युनिट विजेत साडेचार युनिट उष्णता. भौतिकशास्त्राची कमाल मर्यादा म्हणजे गरम पाण्याचं केल्विनमधलं तापमान भागिले दोन तापमानांतला फरक: 308 भागिले 35, म्हणजे 8.8. पंप तिच्या निम्म्याच्या थोडा वर पोहोचतो. हे प्रमाण फारसं बदलत नाही, असं धरून चालता येतं. जुन्या रेडिएटरना 50 अंशांचं पाणी लागतं. तिथे मर्यादा 6.5, म्हणजे सीओपी साधारण 3.3. कॅटलॉगच्या एका ओळीवरून, कागदावर. लहान गावातल्या तंत्रज्ञालाही हे जमतं, आणि जमायलाच हवं.

(यंत्र पुन्हा सुरू.)

बोअरची एकूण लांबी कमी पडली, तर खडक वर्षागणिक थंड होत जातो, सीओपी उतरतो, बिल चढतं. म्हणून बाकीच्या बोअरची खोली आणि संख्या आत्ताच ठरवतात, यंत्र जागेवर आहे तोवर.