जात्याचे दगड आणि इंग्लंडची सरंजामशाही

१०६६ ला नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकला, इंग्लंडचा राजा झाला, आणि जुन्या सॅक्सन सरदारांच्या जमिनी काढून त्याने आपल्या माणसांना वाटल्या. वाटल्या म्हणजे देऊन टाकल्या नाहीत हं, मालक राजाच, सरदाराने त्या फक्त ताब्यात ठेवायच्या आणि बदल्यात राजाला नाइट, म्हणजे घोड्यावरचे लढवय्ये, पुरवायचे. सरदार त्यातलीच थोडी जमीन पुढे नाइटला द्यायचा, मग तो नाइट गुडघ्यावर बसून आपले जोडलेले हात धन्याच्या हातात द्यायचा, मी तुमचा माणूस म्हणून शपथ घ्यायचा, आणि वर्षाचे साधारण ४० दिवस लष्करी चाकरी करायचा. १०८६ ला राजाने या जमिनींची मोजदाद करून घेतली, तेच ते डूम्सडे बुक. जवळपास पाव जमीन चर्च आणि मठांकडे निघाली.

पण हे सगळे वरचे लोक. यांना पोसायचा भूदास, म्हणजे धन्याच्या जमिनीला बांधलेला शेतकरी, आणि त्याला गाव सोडायची सुद्धा परवानगी नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस धन्याच्या शेतात वेठ, सुगीत अजून जास्त, पोरीचं लग्न ठरलं की धन्याला पैसे, आणि घरचा कर्ता गेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर धनी घेऊन जाणार. घरात मयत झालंय आणि दारातून बैल सोडून नेतायत, विचार करा.

दळण पण धन्याच्याच पाणचक्कीत, पिठातला वाटा देऊन. सेंट ऑल्बन्स गावात धनी म्हणजे मठच, पण लोक घरी जात्यावर दळायचे, तर तिथला मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड, जो गणितात आणि घड्याळं बनवण्यात एवढा हुशार माणूस, त्याने ती जाती जप्त केली आणि दगड मठाच्या फरशीत बसवून टाकले. म्हणजे लोकांनी येता-जाता बघावं, मालक कोण ते.

लोक विसरले नाहीत. जवळपास ५० वर्षांनी, १३८१ ला, डोईपट्टीवरून, म्हणजे माणशी करावरून, शेतकऱ्यांचं बंड पेटलं तेव्हा सेंट ऑल्बन्सचे लोक मठात घुसले, फरशी उखडली, दगड फोडले आणि चर्चमध्ये प्रसादाचा पाव वाटतात तसे तुकडे आपसात वाटून घेतले. त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब फासावर गेला, बंडात मिळवलेल्या हक्कांच्या सनदा रद्द झाल्या. पण १३४८ च्या प्लेगने माणसं इतकी कमी केली होती की राबायला हात मिळेनात, मजुरी वाढतच गेली, आणि पुढच्या १०० वर्षांत बहुतेक भूदास वेठ सोडून रोख खंड भरणारी कुळं झाले.